शिलाई मशीनचं वळण

माझा मामा सरबताच्या कारखान्यात फिटर. बाटल्या धुणं, भरणं, बूच लावणं, लेबल चिकटवणं या सगळ्याला साठ फुटांची सरळ रांग हवी आणि हॉल पस्तीस फुटांचा. साहेबांनी खाकरून निकाल दिला, "जागा नाही. भिंत पाडा."

"जागा असते, साहेब," मामा म्हणाला. "नीट दुमडावी लागते."

महिनाभर आमच्या पुढच्या खोलीचा कारखाना झाला. फुटाला तीन इंच असा हिशेब. जमिनीवर खडूच्या रेघा, यंत्रं म्हणजे बुटांचे खोके, बाटल्या म्हणजे मामीची बटणं. मधोमध मामीचं शिलाई मशीन. "ते हललं तर तुम्हीही हलाल," मामी म्हणाली. मग मामानं बाटल्या वाहून नेणारा पट्टा मशीनला वळसा घालून नेला. पक्क्या नकाशात तेवढं वळण सरळ करायचं होतं. मामाला एकच हवं होतं, नकाशाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव. ज्याचं नाव, तोच नव्या लाइनचा प्रमुख होणार होता.

त्याचा जिवलग म्हणजे ड्रॉइंग ऑफिसातला फूटपट्टी. खिशात कायम पट्टी, बोलणं नाकातून. वीस वर्षं दोघं एकाच डब्यात जेवलेले. "वहिनी, चहा टाका, आपलंच घर आहे हे!" मी ही नक्कल केली की मामा पोट धरून हसायचा.

"भाऊ, तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ," मामाचा कच्चा नकाशा बघून फूटपट्टी म्हणाला. "दे, मी साफ काढतो. सोमवारी बसून तपासू."

सोमवारी नकाशा साहेबांच्या टेबलावर होता. कोपऱ्यात फूटपट्टीचं नाव, आणि पट्ट्याला ते वळणही जसंच्या तसं.

"अहो, सांगा की साहेबांना!" मामी तडकली.

"तो स्वतःच सांगेल," मामा म्हणाला. "ज्याचं नाव, वळणाचाही जाब त्यानंच द्यावा."

दोन महिने मामानं वाट पाहिली. फूटपट्टीनं डबा खायची जागा बदलली.

लाइन सुरू झाली त्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. बाटल्या खणखणत आल्या आणि मधल्या आठ फूट मोकळ्या जमिनीला प्रदक्षिणा घालून पुढे गेल्या. साहेबांनी विचारलं, "इथे काय येणार आहे?"

फूटपट्टीनं घसा साफ केला. "बाटली जरा निवते, सर. मुद्दाम ठेवलंय."

"अगंबाई, हे तर माझं मशीन!" मामी ओरडली.

साहेब मामाकडे वळले. "काय भानगड आहे?"

"आमच्या घरात तिथे शिलाई मशीन आहे," मामा फूटपट्टीकडे बोट करत म्हणाला. "यांना माहीत आहे. यांच्या पँटी त्यावरच आखूड होतात."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हॉलमध्ये मावलं ना? चालतंय ना? मग झालं तर." प्रमुखाची खुर्ची फूटपट्टीलाच मिळाली.

घरी मी नाकातून सुरू केलं, "वहिनी, चहा टाका…"

"पुरे," मामा म्हणाला. "अगदी तसाच बोलतो तो."

मागच्या आठवड्यात फूटपट्टी बिस्किटांचा पुडा घेऊन दारात उभा. दुसऱ्या हॉलचं काम निघालं होतं. "भाऊ, जरा कच्चं काढून देतोस? हॉल फारच अरुंद आहे रे."

मामानं पूर्ण दार उघडलं. खोली झाडून लख्ख, मशीन भिंतीला लावलेलं, जमिनीवर खडूचा ठिपकाही नाही.

"जागा नाही," मामा म्हणाला.