तात्यांचं थेट गाऱ्हाणं

“बा देवा म्हाराजा!” तात्या ओरडले आणि मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतचे कावळे उडाले.

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. गिरणी बंद पडली, गळा चालूच राहिला. गणपतीपुढे भावकीचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. एकेकाचं नाव घेऊन त्याचं दुखणं देवाला मोठ्यानं सांगायचं. मनातल्या मनात सांगितलेलं त्यांना मंजूर नसे. “कानात सांगूक देव काय शेजारीण आसा?” म्हणायचे.

फोनवर त्यांचा आवाज अंतरावर ठरे. मानखुर्दच्या आत्याला साधा, दुबईच्या पुतण्याला भिंती हादरतील असा. त्या वर्षी गाव आणि दुबई दोन्ही व्हिडिओ कॉलवर होते. तात्यांनी दुबईचा आवाज लावला.

कॉलची लिंक मी मिरवायला म्हणून ऑफिसच्या ग्रुपवरही टाकली होती. येतंय कोण, असं वाटलं होतं. आले. पडद्याच्या कोपऱ्यात आमचे साहेब, आंघोळ करून, हात जोडून. मूळचे वेंगुर्ल्याचे, एक शब्द निसटणार नव्हता.

आणि सकाळीच मी तात्यांजवळ मन मोकळं करून बसलो होतो. साहेब जीव खातो, तापाची थाप मारून अंधेरीला मुलाखत देऊन आलोय, देवाच्या कानावर घाला. अंधेरीचं अजून काही नक्की नव्हतं आणि बायकोला सातवा महिना.

थोरल्या काकांचा गुडघा झाला. आत्याची सून झाली. दर वेळी सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, साहेबसुद्धा. गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत. तोडलं तर उरलेल्या भावकीचं वर्ष फुकट. म्हणून फोनच पाडावा या विचारानं मी रांगत निघालो. तात्यांनी मिटल्या डोळ्यांनी माझं मनगट पकडलं आणि मला कॅमेऱ्याच्या पुढ्यात उभं केलं.

“ह्या पोरान तापाची थाप मारून दुसरी नोकरी बघल्यान हा. त्या मेल्या सायबाच्या तावडीतसून ह्येका सोडव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” अख्खं घर गरजलं. साहेबांचा चौकोन काळा झाला.

सोमवारी त्यांनी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. अंधेरीवाले ‘कळवतो’ म्हणाले होते, ते अजून कळवताहेत.

आता तात्या नाहीत. गाऱ्हाणं मी घालतो, आधी सगळ्यांचे फोन बंद करून, बेताच्या आवाजात. देव मध्येच जांभई देतो की काय, अशी शंका येते.

त्या सोमवारी मात्र तडक त्यांच्या घरी गेलो, तोंडाला येईल ते बोललो आणि शेवटी म्हटलं, तात्या, नोकरी गेली.

तात्या चष्मा पुसत होते.

“मगे देवान आयकल्यान मां.”