दाराचे व्हार्निश आणि मावळे

आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे स्वतः घडवतात आणि रंगवताना प्रत्येकाला दटावतात, "छाती काढ की रं!" यंदा साताऱ्यातील किल्लेस्पर्धेत परीक्षकांनी अंगावरच्या सफाईदार सावल्या पाहून ते मावळे विकतचे ठरवले आणि किल्ला बाद केला. मी वकिलीच्या सवयीने संतापून नियमावली उघडली.

"आवं साहेब, कायदा ऱ्हाऊ द्या," सुभेदार म्हणाले. त्यांनी परीक्षकांसमोरच पिशवीतून नुसता रंग दिलेला एक मावळा काढला, त्यावर दाराचे तपकिरी व्हार्निश फासले आणि फडक्याने पुसले. उंचवटे उजळ राहिले. पागोट्याच्या घड्यांत आणि मिशीखाली सावली उतरली.

"ह्यो बी विकतचाच का?"

परीक्षकांनी निर्णय तत्काळ मागे घेतला. लेखी हरकतीवाचून मिळालेला न्याय मी प्रथमच पाहिला, आणि सर्वांत आधी टाळी वाजवली.