रंगाखालचं अर्थिंग

जोयड्यात माझी मोटारसायकल बघणारा वायरमन गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता बोलतो. त्या संध्याकाळी एका ट्रेलरचे दिवे पिकअपला जोडले की लागत नव्हते. थेट बॅटरीवर लागत होते. ट्रेलरमध्ये भातकापणीच्या बायका बसल्या होत्या. वायरमनने ट्रेलरच्या सांगाड्याला वायर जोडणारा अर्थिंगचा बोल्ट काढला. खंडेनवमीच्या पूजेसाठी, पिकअप स्वतःच चालवणाऱ्या मालकाने त्याखालीही निळा रंग फासला होता.

"रंगातनं करंट जातंय व्हय रे?"

"नवा रंग हाय मामा, खरवडू नका. कुळगीपर्यंतच जायचं. हळू जातो."

"मागनं लॉरी येईल, तिलाबी हळू ये म्हणून सांगून आलास?"

त्याने पिकअपची किल्ली खिशात घातली, बायकांना उतरवले आणि रंग खरवडला. मालक शिव्या देत राहिला. दिवे लागले. शेवटची बाई चढेपर्यंत वायरमन ट्रेलरमागे, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा होता.