देवीदासभाऊ खुर्चीवर बसले

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पाय ठेवला आणि मी दारातच थबकले. सरपंचांच्या टेबलासमोर, पहिल्या रांगेत, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर आमच्या गावचे कोतवाल देवीदासभाऊ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, मांडीवर मोबाईल. खुर्चीच्या पाठीला पाठ टेकवून, अगदी ऐसपैस.

मागून येणाऱ्या अल्काने, माझ्या जावेने, मला कोपराने ढोसलं. "बाई वो! हे कायले खुर्चीवर बसून राहिले?"

लग्न होऊन या गावात आले त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या माणसाला मी बसलेलं पाहिलंच नव्हतं. फाटकाशी उभे, रस्त्याने चालताना, सभेच्या वेळी दाराच्या चौकटीला टेकून उभे. आणि आज समोर खुर्चीवर. आणि बाकीच्या खुर्च्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या!

गोष्ट २०१४ च्या जुलैची. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून सात किलोमीटर, तलावाच्या पाळीखाली. तलाव आमच्या सासरच्या पूर्वजांनी गावाला जोडीला घेऊन बांधला असं सांगतात. पाळीवर महादेवाची पिंड आहे, तिथे माझा सोमवार चुकत नाही. त्या तलावाच्या पाण्यावर तीनशे एकर धान पिकतो. त्या वर्षी बाहेरच्या एका ठेकेदाराने मासळीसाठी तलाव पाच वर्षांच्या ठेक्याने मागितला होता. मासळी पाळायची म्हणजे पाणी अडवून धरायचं. मग धानाच्या लोंब्या निसवताना आमच्या बांध्यांना, त्या भातखाचरांना, पाणी कोण सोडणार?

ग्रामसभेने नाही म्हटलं की विषय संपत होता. पण त्यासाठी शंभर माणूस सभेत बसलेलं पाहिजे. शंभर झाले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा दुसऱ्या दिवशी दहा माणसांत झाली तरी चालते, तसा नियमच आहे. दहा माणसं गोळा करणं ठेकेदाराला किती अवघड? म्हणून गुरुवारी, चोवीस तारखेला, शंभर माणूस येणं हीच सगळी गोष्ट होती.

एरवी ही काळजी कोणी केली नसती, कारण सभेचं सांगायला देवीदासभाऊ होते. त्यांची रीत मी फाटकाशी कितीदा पाहिली. दोन दिवस आधी ते घरोघर फिरायचे. "सभा आहे" एवढं सांगायचे, पण "येता का?" असं कोणाला कधी विचारायचे नाहीत. विचारायचे भलतंच. "धानाचे परे उपटून झाले का वहिनीबाई?" "गाय व्याली का?" "पाहुणे गेले का परत?" उत्तर ऐकायचे, मान हलवायचे, आणि डाव्या खिशातला एक चिंचोका काढून उजव्या खिशात टाकायचे, किंवा टाकायचे नाहीत. उजव्या खिशातला चिंचोका म्हणजे हे माणूस नक्की येणार. संध्याकाळी सरपंचांच्या टेबलावर उजवा खिसा रिकामा करायचे. "एवढे." चार-पाचाचा फरक पडला तर पडला.

"तुम्ही सरळ इचारत काऊन नाही?" असं मी एकदा म्हटलं होतं.

"इचारलं तं सारेच 'येतो' म्हनतेत, वहिनीबाई. तोंडावर नाही कोन म्हनन?"

ही गोष्ट मी त्या दिवशी वहीत लिहिली होती. रोज दिवा लावल्यावर चार ओळी लिहायची मला सवय आहे. लिहिली आणि विसरले.

त्या जुलैत पंचायतीच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन सॉफ्टवेअर आलं. ऑपरेटर पिंकी, गोंदियाची पोरगी, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारी, कामाला चुणचुणीत. मतदार यादीतल्या नावापुढे ज्याचा त्याचा मोबाईल नंबर तिने टाकला आणि सगळ्यांना मेसेज गेला. येणार असाल तर १ पाठवा, नसाल तर २. उत्तर आपोआप यादीत चढणार. सरपंच हिरालालजी खूश. त्यांनी देवीदासभाऊंना सांगितलं, "आता तुम्ही नका फिरू उन्हातान्हात. मशीन इचारते, मशीन मोजते."

बुधवारी मी दाखला आणायला गेले तेव्हा पिंकीने मला स्क्रीन दाखवली. "देखो काकी, दोनशे एकसष्ट येणार! नाही येणार, एकही नाही. झिरो!"

दोनशे एकसष्ट! मी घरी येताना पाळीवर चढून महादेवापुढे नारळ फोडला. म्हटलं, देवा, तुझं पाणी तूच राखलंस.

आणि गुरुवारी दुपारी एक वाजता त्या हॉलमध्ये मी मोजलं. सरपंच, ग्रामसेवक, पिंकी, पाच मेंबर, आम्ही दोघी, आणखी तिघे, आणि खुर्चीवर देवीदासभाऊ. चौदा. मी पुन्हा मोजलं. चौदाच.

"असं कसं?" पिंकी म्हणाली. तिने छापलेली यादी काढली आणि वाचत सुटली. "उदाराम, येणार. बिसराम, येणार. रुख्मिणी, येणार. मनकर्णाबाई, येणार."

"कोन?" सरपंच खुर्चीतून अर्धे उठले. "मनकर्णाबाई? त्या तं दोन वर्षं झाले वारल्या!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मनकर्णाबाई माझ्या सासूबाई. त्यांचा फोन अजून घरात आहे, देवघराच्या कोनाड्यात. त्यावर मेसेज आला होता आणि मीच १ दाबला होता.

"काऊन दाबला वो?" अल्काने विचारलं.

"दोन दाबला तर सरकारी यादीतून नाव जाते म्हणाले सगळे," मी म्हटलं. "त्यांचं नाव माझ्या हाताने कसं काढू?"

"मी बी त्याच्यासाठीच दाबला," अल्का म्हणाली. "रेशन बंद होते म्हनत होते."

तिघांतला एक म्हातारा म्हणाला, "मले तं वाटलं, एक दाबला म्हनजे झालं. हजेरी लागली. यायची काय गरज?" मग हे तरी का आले होते, ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हा कळलं. अख्ख्या गावाने १ दाबला होता, आणि अख्खं गाव बांधीत होतं. रोवणा, धानाची लावणी, जोरात होता. सरकारने विचारलं, गावाने हो म्हटलं, विषय संपला. मशीनला तोंडावर नाही कोण म्हणणार?

ग्रामसेवकांनी घड्याळ पाहिलं. "मी दोन वाजेपर्यंत थांबतो. मग तहकूब लिहावं लागेल. माझ्या हातात नाही."

सगळे एकाच वेळी देवीदासभाऊंकडे वळले. सरपंच म्हणाले, "कोतवाल, उठा. बसून काय राहिले? एक चक्कर मारा गावात, जल्दी."

देवीदासभाऊ उठले नाहीत.

या माणसाने कोणाचं काम टाळलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी मांडीवरचा मोबाईल उचलला, बटणं दाबली आणि सरपंचांपुढे धरला. "हे वाचा, मालक."

सरपंचांनी वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. छोटा बटणांचा फोन, काचेला तडा. मेसेज जपून ठेवलेला. 'श्री. देवीदास, दि. २४ जुलैच्या ग्रामसभेस आपण येणार का?'

"मले बोलावणं आलं," देवीदासभाऊ म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं झाले, मी साऱ्या गावाले सांगून राहिलो. माया घरी सांगायले कोनी आलं नाही. कोन येईन? सांगनारा मीच. पयल्यांदा कोनी इचारलं, देवीदास, तू येतं का? मी एक दाबला. पोराच्या मायनं इस्त्री करून देल्ली. बोलावलेल्या मानसानं सांगत फिरावं का, मालक? तुमीच सांगा."

भाऊ म्हणत आले मी यांना तेवीस वर्षं. पाणी दिलं, सणाला पुरणपोळी दिली, सगळं फाटकाशी. 'बसा' कधी म्हटलं नाही. आमच्या घरात कोणी म्हणत नव्हतं, म्हणून मीही म्हटलं नाही. रोज देवापुढे हात जोडणारी मी, आणि माझ्या हे ध्यानात आणून दिलं कोणी, तर पिंकीच्या त्या डब्याने!

"तुम्ही बसा," मी म्हटलं. तो शब्द तेव्हा पहिल्यांदा निघाला. "आम्ही जातो बोलवायला. कोणाला कसं बोलवायचं तेवढं सांगा."

देवीदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसूनच सांगू लागले. डोळे अर्धे मिटून, जणू सगळं गाव आत दिसत होतं.

"पाळीखाली रुख्मिणीच्या बांधीत तीस बाया रोवून राहिल्या. साऱ्याईले आवाज नका देऊ. रुख्मिणीले एकटीले सांगा. तिनं पाय काढला का साऱ्या निंघतेत. उदारामच्या घरी समोरून नका जाऊ, त्याचा मालकासंग अबोला हाय. मांगून जा, त्याच्या मायले सांगा, तुये पानी कटून राहिलं. ते आपल्या चारही पोराईले घेऊन येईन. आन बिसराम झोपला असन."

"त्याला उठवू?"

"उठवून काही होत नाही. तो 'येतो' म्हनन आन पुन्हा झोपन. त्याची चप्पल हातात घ्या आन चालू लागा. तो मांगून येईन, आन भांडत येईन, तं त्याची सारी गल्ली पाहायले येईन."

अल्का पाळीकडे पळाली. पिंकी उदारामच्या मागच्या दाराने. मेंबरं मोटरसायकलींवर दूरच्या बांध्यांकडे. सरपंच, ते सरपंच, धोतराचा सोगा धरून तेली मोहल्ल्यात गेले. आणि मी बिसरामच्या ओसरीवरच्या चपला उचलल्या.

मोठ्या घरची सून, डोक्यावर पदर, हातात परक्या पुरुषाच्या चिखलाच्या चपला, भर दुपारी गावातून. बाया दारात आल्या. "अवो बाई, वहिनीले काय झालं?" मागून बिसराम बनियनवर ओरडत, "वहिनी! अवो वहिनी! माया चपला काऊन नेऊन राहिल्या? मी कायी केलो का?" मी चालत राहिले. थांबले असते तर लाजेने तिथेच बसले असते. मनात नमः शिवाय, नमः शिवाय, आणि पाय पंचायतीकडे. मागे गल्ली जमत गेली.

दोन वाजायला दहा मिनिटं होती. रुख्मिणीच्या बाया मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेल्या, तशाच हॉलमध्ये शिरल्या. काही जणींच्या हातात पऱ्यांच्या जुड्या. नवीन फरशीवर चिखलाचे पाय उमटले, सरपंचांनी हूं केलं नाही. उदारामची म्हातारी माय चार पोरांना पुढे घालून आली. उदाराम सरपंचांकडे पाठ करून बसला, पण बसला. देवीदासभाऊंच्या मांडीवर चिंचोक्यांचा ढीग होता, दारातून माणूस आत आलं की एक इकडून तिकडे.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. ग्रामसेवकांनी मान डोलावली, त्यांचेही तेवढेच होते.

दाराकडे सगळे पाहत राहिले. मग मोटरसायकलचा आवाज आला आणि एका मेंबराने दूरच्या बांधीतून पाच जण आणले, दोन फेऱ्यांत. एकशे तीन. पुढची दहा मिनिटं लोक येतच होते. तलाव ठेक्याने द्यायचा नाही, हे हात वर करून ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रुख्मिणीने दोन्ही हात वर केले, दोन्ही चिखलाचे. "एक मोजा, दोन्ही नका मोजू," असं पिंकी म्हणाली तेव्हा कितीतरी वेळाने लोक हसले.

हजेरीचं रजिस्टर फिरत फिरत पहिल्या रांगेत आलं. देवीदासभाऊंनी ते घेतलं आणि सवयीने तसंच शेजारच्याकडे सरकवलं.

"तुमची सही?" मी विचारलं.

"माई कायले? मी तं कोतवाल."

मी रजिस्टर परत ओढलं. मागची पानं उलटली. जानेवारी, मे, त्याच्या आधीचं वर्ष, त्याच्याही आधीचं. एकूणएक सभेला हा माणूस दाराशी उभा होता, हे अख्ख्या गावाने पाहिलं होतं. सरपंचांची सही, बिसरामचा अंगठा, माझीसुद्धा दोन ठिकाणी. देवीदास हे नाव एकाही पानावर नव्हतं. मी ग्रामसेवकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. ते येऊन दोनच वर्षं झाली होती.

मी पेन पुढे केलं. देवीदासभाऊंनी शर्टाला हात पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. एकशे अकरावी. मग वाचून पाहिली.

तीन आठवड्यांनी पंधरा ऑगस्टची सभा होती. पिंकीचे मेसेज गेलेच, पण सरपंचांनी देवीदासभाऊंना पुन्हा फिरायला सांगितलं. तेरा तारखेला सकाळी ते आमच्या फाटकाशी आले. मी आतूनच म्हटलं, "या, ओसरीवर या. बसा."

"चाळीस घरं राहिले, वहिनीबाई. रोवणा झाला का तुमचा?"

"झाला." त्यांनी डाव्या खिशातून एक चिंचोका काढला आणि उजव्या खिशात टाकला. वळून निघाले.

"देवीदासभाऊ," मी फाटकापर्यंत गेले. "आणि तुमचं काय? तुमच्या घरचं काम झालं का?"

ते उभे राहिले. माझ्याकडे पाहत राहिले, माझ्या प्रश्नाचा अर्थ लावत. त्यांचीच रीत होती ती.

मग डाव्या खिशात हात घातला आणि आणखी एक चिंचोका उजव्या खिशात टाकला.