स्पेनला जाऊन आलेली दीक्षा

दीक्षा तळभंडारेला जो मेमो मिळाला, तो टाईप मी केला. त्यामुळे ही हकीकत सांगायचं मला टाळता येत नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मी आस्थापनेत, ती निर्यातीच्या कागदपत्रांवर. इथल्याच बुधवार पेठेत वाढलेली, चौतिशीची. घरात मराठी, शेजारी तेलुगू, मैत्रिणींकडून कन्नड, शाळेत हिंदी-इंग्रजी. भाषा तिच्या कानातून थेट जिभेवर यायच्या. मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाचे मेल स्पॅनिशमध्ये यायला लागले तशी ती फोनवर धडे ऐकून ती भाषा शिकली. दोन वर्षं, जेवणाच्या सुट्टीत. मग म्हणाली, "स्पेनला जाऊन नीट शिकते. तीन महिन्यांची बिनपगारी रजा द्या."

मॅनेजर बसवराज हसले. "जा की! कोण अडवलंय? शिकून आलीस की मेक्सिकोवाल्यांशी तूच बोलायचं." हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं होतं.

आई मीनाबाई मात्र घाबरली. "तितं तुजं कोण हाय गं?"

"शाळा हाय की," दीक्षा म्हणाली आणि सालामांका नावाच्या गावी गेली.

तिथल्या भाषाशाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी प्रत्येकाला येणाऱ्या भाषा विचारल्या. दीक्षाने पाच सांगितल्या. शेजारचा एकजण म्हणाला, "त्या बोली असतील." बाईंनी फळ्यावर तिच्या नावापुढे फक्त 'इंग्रजी' लिहिलं.

"दादा, कान तापले माझे," तिने मला नंतर सांगितलं. "भांडायला शब्दच सुचेनात. उठले, बाईंच्या हातातला खडू घेतला आणि उरलेल्या चार लिहून काढल्या. मराठी देवनागरीत." बाईंनी माफी मागितली. बारा आठवड्यांनी त्याच वर्गापुढे ती टॉवेल कसा विणतात यावर अर्धा तास बोलली.

ती परतली त्याच महिन्यात मेक्सिकोचे दोघे कारखाना बघायला आले. सकाळी ती नवी साडी नेसून, कागद घेऊन बैठकीच्या खोलीकडे निघाली, तर बसवराजांनी दारातच थांबवलं. आत मालकांचा पुतण्या फोनवरचं भाषांतराचं ॲप उघडून बसला होता. "तू चहा-नाश्त्याचं बघ," ते म्हणाले. शब्द दिलेला माणूस हे बोलतो, आणि मी शेजारी उभा राहून खाली बघतो!

ट्रे घेऊन ती आत गेली तेव्हा एक पाहुणा तक्रार सांगत होता. ॲप बोललं, "तुमच्या टॉवेलांचे केस गळतात." पुतण्या लाल झाला. "आमच्या मालात केस निघत नाहीत!" पाहुण्याने बॅग उचलली.

दीक्षाने ट्रे टेबलावर ठेवला आणि स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. पहिल्या धुण्यातच टॉवेलाची लव निघते, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तिने कोणत्या लॉटचा माल ते विचारलं, विणीत काय बदलता येईल ते सांगितलं. तासाभरात पाहुण्यांनी नवी ऑर्डर दिली. जाताना त्यांनी हात मिळवला तो तिच्याशी.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा मेल तिच्या नावाने आला. बसवराज म्हणाले, "उत्तर तू लिही, खाली नाव पुतण्याचं घाल."

"माझं लिहिणं, नाव त्यांचं? का?"

"तसंच बरं दिसतं."

तिने उत्तर लिहिलं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. संध्याकाळी बसवराजांनी मला मेमो टाईप करायला सांगितला: 'परवानगीशिवाय बैठकीत हस्तक्षेप व वरिष्ठांच्या आदेशाचा भंग.' ज्या हस्तक्षेपाने ऑर्डर मिळाली, तोच गुन्हा! तरी मी टाईप केलं. घरी दोन पोरं आहेत, ही सबब मी स्वतःला दिली. तिच्याही घरी आई होती, पण तिने ती सबब काढली नव्हती.

मेमो वाचून ती म्हणाली, "महेश्वरदादा, 'हस्तक्षेप' बरोबर लिहिलंय. त्याने ऑर्डर मिळाली, तेवढं लिहायचं राहिलं." तिने त्याच कागदाच्या पाठीवर राजीनामा लिहिला.

आता ती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यात बघते. मार्चमध्ये त्यांच्यातर्फे मेक्सिकोच्या प्रदर्शनाला जाऊन आली.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे पुन्हा एक स्पॅनिश मेल आला. ॲपचं भाषांतर कुणालाच कळेना. बसवराज माझ्या टेबलाशी आले. "दीक्षाला फोन लाव की. जरा विचारून घे."

"तुम्हीच लावा," मी म्हणालो.

त्यांनी लावला नाही. मेल अजून तसाच पडून आहे.