पाण्याच्या पंगतीतले काकाजी

झाशीत उंदरांना अहो-जाहो करणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आमच्या कॉलेजात औषधी वनस्पतींवर संशोधन चाले. त्यासाठी आणि मुलांच्या प्रात्यक्षिकांसाठी मागच्या बाजूला पांढऱ्या उंदरांची एक खोली होती, आणि पिंजरे धुण्यापासून दाणापाण्यापर्यंत तिथलं सगळं काकाजी बघत. घराणं पेशव्यांच्या काळात महाराष्ट्रातून पूजेअर्चेसाठी इकडे आलेलं. पूर्वज देवापुढे ज्या भावाने ताट ठेवत असतील, त्याच भावाने हे पिंजऱ्यात भिजवलेले हरभरे ठेवत. "अहो, सरका जरा, केर काढू द्या," असं त्यांचं उंदरांशी बोलणं. मी चाळीस मुलांच्या वर्गातून घसा बसवून आले, तरी मला कधी कुणी इतक्या अदबीने वागवलं नाही.

उंदरांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी नाव दिलंही नाही. प्रयोग संपला की नियमाप्रमाणे उंदीर मारावे लागतात. "नाव दिलं की सुतक लागतं, मॅडमजी," असं त्यांचं शास्त्र. तरी त्या दिवशी नळाखाली अंघोळ केल्याशिवाय ते डबा उघडत नसत. एकदा उंदीर धरायला शिकताना एका विद्यार्थ्याच्या बोटाला उंदीर चावला, तर काकाजींनी आधी उंदराला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला लागलं तर नाही ना?" पोरगा कळवळला, "काकाजी, काटा तो मुझे है!" त्यावर काकाजी म्हणाले, "भैया, आप तो बोल सकते हो."

त्यांचे गुडघे सुजत. झाशीजवळच्या बरुआसागरला त्यांच्या घराच्या कुंपणावर निर्गुंडी माजलेली होती. तिच्या पाल्याचा काढा थर्मासमध्ये भरून ते सकाळच्या बसने येत, आणि पाहुण्याला चहाऐवजी तोच देत. मीही दोनदा प्याले आहे, तिसऱ्यांदा उपास सांगितला. पण माझ्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या झाशीतल्याच नगरा वस्तीतल्या मुलीला त्या थर्मासमधूनच विषय सुचला. सांधे सुजवलेल्या सहा उंदरांना एकवीस दिवस निर्गुंडीचा अर्क द्यायचा, दुसऱ्या सहांना नुसतं पाणी, आणि सूज कुणाची उतरते ते पाहायचं.

एकविसाव्या दिवशी बाराही उंदरांची सूज उतरलेली होती. मुलगी वही हातात धरून रडायला लागली. मी सगळे आकडे पुन्हा तपासले आणि शेवटी पाणीवाल्यांची बाटली उघडून हुंगली. वास थर्मासचा होता.

"काकाजी, यांना काढा कुणी पाजला?"

"मीच, मॅडमजी," ते अगदी सरळ म्हणाले. "दुखणं सगळ्यांना सारखं, आणि सहांना औषध, सहांना पाणी? हा पंक्तिप्रपंच झाला. आमच्या घरी एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडा भात वाढला असता, तर आईने वाढणाऱ्याचा हात धरला असता."

मी इतकी थकले होते की ओरडायलाही जमेना. पाणीवाल्यांना पाणीच मिळालं नाही तर निर्गुंडीचा गुण सिद्ध कसा होणार, हे मी त्यांना खाली बसून समजावलं. मुलीच्या नोंदणीचे चारच महिने उरले होते, आता नवे उंदीर मिळाले नाहीत तर तिची पाच वर्षं पाण्यात, हेही सांगितलं. मग ते माझ्याआधी प्राचार्यांकडे गेले आणि "गलती हमाई है, बिटिया की नहीं" असं लिहून सही करून आले. त्यांना ताकीद मिळाली, मुलीला आणखी बारा उंदीर. नव्या उंदरांचे एकवीस दिवस सुरू झाले, तशी थर्मासला मी खोलीत बंदी केली.

दुसऱ्या दिवसापासून थर्मास आलाच नाही. मला वाटलं, रागावले. पंधराव्या दिवशी ते भिंतीला धरून पायरी चढताना दिसले. मुलीने विचारलं, "काकाजी, घर पे भी काढ़ा नहीं पी रहे क्या?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमजी, औषध देता येत नाही ना? मग मी पाण्याच्या पंगतीत बसलोय. एकवीस दिवस काय, निघून जातील." इतकी वर्षं मी ज्यांना आकडे म्हणून मांडत आले, त्यांच्या रांगेत हा माणूस सुजलेले गुडघे घेऊन बसला होता, आणि मला स्वतःची लाज वाटली.

या वेळी सूज फक्त निर्गुंडीवाल्यांची उतरली. शेवटच्या दिवशी काकाजींनी एकेका उंदराला "या" म्हणत माझ्या हाती दिलं आणि नळाखाली जाऊन बराच वेळ अंघोळ केली. आता प्रात्यक्षिकं पडद्यावर होतात, खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत आणि काकाजी निवृत्त झाले. मलाही पुरे झालं आहे.

गेल्या महिन्यात मुलगी प्रबंध घेऊन आली. काकाजींना बरुआसागरहून मुद्दाम बोलावलं होतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. "पाणीवाले कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मुलीने तक्त्यातली ओळ दाखवली, तिथला सहाचा आकडा पेन्सिलीने खोडला आणि सात लिहिले.

काकाजी घाबरले. "बिटिया, मिटा दो. फिर गड़बड़ हो जाएगी."

खोडरबर माझ्या पुढ्यातच होतं. मी ते हळूच वहीखाली सरकवलं.