बुबुळाची कड पाहणारे नाना

नानांची नि माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. जळगावात डोळ्यांचा डॉक्टर म्हणून मी नुकताच बसलो होतो. शिंदखेड्याकडच्या एका अक्कांचा उजवा डोळा भिंतींसाठी चुना भिजवताना भाजून पांढरा पडला होता. नेत्रदानात मिळालेले बुबुळ मी बसवले आणि स्वतःवर खूश झालो. चार महिन्यांत तेही पांढरे पडले.

अक्कांना घेऊन मी धुळ्याला नानांकडे गेलो; बुबुळांचे जुने, नावाजलेले डॉक्टर ते. त्यांनी पिवळ्या औषधाचा थेंब टाकून निळ्या उजेडात डोळा पाहिला आणि मला यंत्राशी बसवले.

"कड पाहिली होतीस?"

नव्हती पाहिली. कडेवरच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरच्या मूळ पेशी बुबुळाची कातडी सतत नवी करत असतात. त्या जळाल्या की पांढऱ्यावरची कातडी रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढते. तिथे नुसते नवे बुबुळ टिकत नाही.

"कुणाचं तरी दान मातीत घातलंस," नाना म्हणाले. त्या दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेले आणि जेवतानाही रागावत राहिले.

उपाय एकच होता: चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणीएवढा तुकडा भाजलेल्या डोळ्यात रुजवणे. अक्का हादरल्या.

"एक गया भाऊ, आते दुसराले हात लाऊ नका."

पहिले बुबुळ का गेले हे सांगताना मी जखमेला दोष देऊ लागलो. नानांनी मला थांबवले आणि चूक माझी होती हे मलाच सांगायला लावले. मग ते अक्कांशेजारी बाकावर बसले आणि त्यांच्याच अहिराणीत म्हणाले,

"अक्का, चूक आमनी शे. तुकडा मी काढसू."

अक्का तिसऱ्या खेपेला तयार झाल्या. तुकडा रुजला, पुढे नानांनी दुसरे बुबुळही बसवले. आता त्या डोळ्याने अक्का समोरच्याचा चेहरा ओळखतात.

आजही जळगावातल्या मेहरूणच्या माझ्या दवाखान्यात तसेच डोळे येतात. घरच्यांनी पाण्याने धुवायचे सोडून तूप घातलेले असते, आणि शिकल्यासवरल्या डॉक्टरांनी कड न पाहताच बुबुळ बसवलेले असते. माझे डोके फिरते. घरच्यांना कुणी सांगितले नव्हते, पण या डॉक्टरांना काय झाले? कड पाहायला दोन मिनिटे लागतात.

नाना पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांचा राग तिळभरही कमी न होवो. हे मी स्वार्थाने मागतो आहे. रुग्णासमोर बसून "चूक माझी" म्हणायला मला अजूनही नानांचा धाक असावा लागतो.